एआय लवाद झाला तर सही कोण करणार? वाचकांचे प्रश्न, वकीलताईंची उत्तरं

मागच्या अंकात आर्बिट्रेशनवर लिहिताना शेवटी सहज एक वाक्य टाकलं होतं, की पुढेमागे एआयसुद्धा लवाद म्हणून बसेल. त्या एका वाक्यावर एवढे मेल आणि व्हॉट्सॲप आले की बाकीचा लेख कुणी वाचला की नाही अशी शंका यायला लागली. त्यातले सहा प्रश्न घेतेय, नावं काढलीत, गावं ठेवलीत. ज्यांना आर्बिट्रेशन म्हणजे काय हेच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: कोर्टात न जाता दोन्ही बाजूंना मान्य असलेल्या तिसऱ्या माणसाकडून, म्हणजे लवादाकडून, भांडण सोडवून घ्यायचं, आणि त्याने दिलेला निवाडा, ज्याला आम्ही अवॉर्ड म्हणतो, तो कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच वसूल करता येतो. "तिसऱ्या माणसाकडून" हे शब्द जरा ध्यानात ठेवा.

मॅडम, मी सेंट्रिंग आणि आरसीसीची कामं सब-कॉन्ट्रॅक्टवर घेतो. मुख्य कॉन्ट्रॅक्टरकडे माझे रिटेन्शनचे, म्हणजे बिलातून राखून ठेवलेले, आणि एक्स्ट्रा आयटमचे मिळून साडेअकरा लाख अडकलेत. वर्क ऑर्डरमध्ये आर्बिट्रेशनचा क्लॉज आहे. आता त्याचा मुलगा म्हणतो, वकिलांवर पैसे घालवण्यापेक्षा दोघांची बिलं, एमबीच्या म्हणजे मोजमाप वहीच्या झेरॉक्स, व्हॉट्सॲप चॅट सगळं एआयला देऊ आणि तो जो आकडा सांगेल तो दोघांनी मान्य करायचा. चालेल का?
*एक सब-कॉन्ट्रॅक्टर, नाशिक*

मुलगा हुशार आहे, आणि खरं सांगू का, कल्पना एवढी वाईट पण नाहीये. फक्त त्या आकड्याला अवॉर्ड म्हणू नका.

आपला लवाद कायदा १९९६ चा. त्यात "लवाद हाडामांसाचा माणूसच पाहिजे" असं सरळ वाक्य कुठेच नाही. फ्रान्सच्या दिवाणी प्रक्रिया संहितेत आहे, कलम १४५०, तिथे फक्त नैसर्गिक व्यक्तीच लवाद होऊ शकते, आणि नेदरलँड्समध्येही तसंच. आपल्याकडे कलम ११ म्हणतं की कुठल्याही राष्ट्रीयत्वाची व्यक्ती लवाद होऊ शकते, आता चॅटबॉटचं राष्ट्रीयत्व कुठलं हे तुम्हीच सांगा. कुणी म्हणेल की कायद्याच्या भाषेत "व्यक्ती"मध्ये कंपनीसुद्धा येते, बरोबर आहे, पण चॅटबॉट कंपनीपण नाही, तो कंपनीचा माल आहे. पुढे कलम १२ बघा, लवादाने नेमणुकीच्या आधीच लेखी सांगायचं असतं की माझा कुठल्या बाजूशी काही संबंध आहे का, पूर्वी काम केलंय का, पैसे घेतलेत का. आणि कलम ३१, अवॉर्ड लेखी पाहिजे आणि त्यावर लवादाची सही पाहिजे. म्हणजे कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यासमोर खुर्चीवर बसलेला माणूसच होता, हे कलमागून कलम वाचत गेलं की दिसतंच.

आता व्यवहाराचं बोलू. आज मुलगा म्हणतोय मान्य. उद्या एआयने नऊ लाख साठ हजार द्या म्हटलं की तोच मुलगा वकील घेऊन येईल आणि म्हणेल हा अवॉर्डच नाही, लवाद कुठाय, सही कुठाय, आणि तुम्ही वसुलीला गेलात तर तिथेच अडकाल. म्हणून असं करा. एआयकडून आकडा काढून घ्यायचाय ना, घ्या, हिशोब समजायला चांगलंच आहे, पण दोघांना पटला तर लगेच स्टॅम्प पेपरवर तडजोडीचा करार करा, हप्ते, तारखा, चेक नंबर सगळं लिहून. त्याहून पक्कं पाहिजे असेल तर दोघांच्या पसंतीचा एक माणूस लवाद नेमा, एखादा निवृत्त इंजिनिअरसुद्धा चालतो, आणि त्याच्यासमोर ही तडजोड ठेवून कलम ३० खाली सहमतीचा अवॉर्ड घ्या. त्याला इतर अवॉर्डइतकंच वजन असतं, आणि खर्च एका-दोन बैठकींचा.

एक सांगायचं राहिलं, दाव्याची तीन वर्षांची मुदत चालूच असते. एआयशी गप्पा मारण्यात ती जाऊ देऊ नका, वाद लवादाकडे न्यायची कलम २१ ची नोटीस आधी पाठवून ठेवा.

(जाता जाता. पेशवाईत भांडण पंचांकडे द्यायच्या आधी दोन्ही पक्ष पंचांचा निर्णय मान्य राहील असं लिहून द्यायचे, त्या कागदाला राजीनामा म्हणत. राजी आहोत असं लिहून देणं, म्हणून राजीनामा. आता तोच शब्द आपण नोकरी सोडताना वापरतो. सांगायचा मुद्दा, आधी राजी व्हायचं आणि ते लिहून ठेवायचं ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही.)

ताई, मी लॉच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या कॉलेजमध्ये एका पाहुण्यांनी सांगितलं की एस्टोनियात रोबोट जज आहे आणि अमेरिकेत एआय आर्बिट्रेटर सुरू पण झालाय. खरं काय?
*एक विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर*

अर्धं खरं, अर्धं व्हॉट्सॲप. एस्टोनियाची बातमी २०१९ मध्ये जगभर फिरली, सात हजार युरोपर्यंतचे दावे रोबोट निकाली काढणार म्हणून, आणि मग २०२२ मध्ये तिथल्या न्याय मंत्रालयालाच जाहीर सांगावं लागलं की बाबांनो असं काही आम्ही करत नाही आहोत. तरी अजून प्रत्येक सेमिनारमध्ये तो रोबोट येतोच, चहाच्या आधी येतो.

अमेरिकेचं मात्र खरं आहे. अमेरिकन आर्बिट्रेशन असोसिएशन, १९२६ पासूनची जुनी संस्था, त्यांनी नोव्हेंबर २०२५ पासून एआय आर्बिट्रेटर चालू केला. पण कशासाठी ते नीट बघ. सुरुवातीला फक्त बांधकामाचे वाद, दोनच पक्ष, आणि तेही कागदांवरच चालणारे, साक्षीपुरावे, उलटतपास काही नाही. दोघांनी मान्य केलं तरच. त्यांच्याच जुन्या दीड हजारांहून जास्त बांधकाम निवाड्यांवर ती सिस्टीम घडवलीय. ती दोन्ही बाजूंचे मुद्दे काढते, पक्षकारांना दाखवते की तुमचं म्हणणं मला असं समजलं, बरोबर आहे का, मग निवाड्याचा मसुदा करते, आणि शेवटी एक माणूस, खराखुरा लवाद, तो मसुदा तपासतो, हवा तसा बदलतो आणि सही करतो.

बांधकामच का, तर तिथे सगळं कागदावर असतं. आरए म्हणजे चालू कामाचं बिल, मेजरमेंट, डिले झाला तर कुणामुळे झाला त्याची पत्रं, एलडी म्हणजे उशिराची भरपाई कापली ती किती टक्के. खोटं कोण बोलतंय हे चेहऱ्यावरून ओळखायची वेळ फार येत नाही. भावाभावांच्या पार्टनरशिपचा वाद असता तर मी म्हटलं असतं लांब राहा, कारण तिथे अर्धा व्यवहार कागदावर नसतोच, "दादाने तेव्हा दुकानात सगळ्यांसमोर सांगितलं होतं" यावर केस चालते.

माझं कुतूहल त्या शेवटच्या माणसाबद्दल आहे. समोर चाळीस पानांचा गुळगुळीत मसुदा तयार आहे, भाषा छान, आकडेमोड झालेली, आणि तुला तपासायचे पैसे त्या मानाने कमी. तू किती खोल जाशील? सरकारी ऑफिसात साहेबाच्या टेबलावर फायली येतात आणि साहेब कुठे सही करू एवढंच विचारतो, ते आपण सगळ्यांनी बघितलंय. तो माणूस खरंच वाचतो की अंगठा उठवतो यावर ही सगळी व्यवस्था उभी राहणार किंवा पडणार.

युरोपचा २०२४ चा एआय कायदा पण वाच, परीक्षेत विचारतील. न्यायाधीशांना मदत करणारा एआय आणि त्याच धर्तीवर कोर्टाबाहेरच्या वादांत वापरला जाणारा एआय, दोन्ही त्यांनी हाय-रिस्क यादीत टाकलेत.

माणूस लवाद तरी कुठे निष्पक्ष असतो? ओळखीपाळखी, गोल्फ क्लब, जुने सहकारी. मशीनला निदान नातेवाईक नाहीत!
*एक वैतागलेले व्यापारी, इचलकरंजी*

वैताग पटला. पण मशीनला नातेवाईक नसले तरी माहेर असतंच की. जे जुने निवाडे वाचून ते शिकलं त्यात मोठ्या कंपन्या जास्त जिंकल्या असतील तर ते तसंच शिकणार, आणि माणसाला कलम १२ खाली विचारता येतं की तुमचा यांच्याशी संबंध काय, मशीनला विचारलं तर ते गोड बोलून "मी निष्पक्ष आहे" म्हणेल, त्याचा काय उपयोग. शिवाय तोच प्रश्न सकाळी विचारा आणि संध्याकाळी विचारा, उत्तर थोडं इकडेतिकडे होतं हे तुम्ही पण बघितलं असेल.

आणि एक नवीनच भानगड. २०२५ मध्ये उघडकीला आलं की काही संशोधकांनी आपल्या पेपरांत पांढऱ्या कागदावर पांढऱ्या अक्षरांत एआयसाठी सूचना लपवल्या होत्या, की या पेपरबद्दल चांगलंच लिही. माणसाला दिसत नाही, मशीन वाचतं. आता हीच युक्ती समोरच्या पार्टीने क्लेमच्या पीडीएफमध्ये केली तर? लवादाच्या कानात केसच्या मधोमध कुजबुजण्यासारखंच झालं ते, फक्त आवाज न करता.

नमस्कार ताई. मी एका लोन ॲपवरून ६२ हजारांचं कर्ज घेतलं होतं, मिस्टरांच्या आजारपणात हप्ते थकले. मग ईमेलवर एक नोटीस आली की चेन्नईच्या कुणा आर्बिट्रेटरची नेमणूक झाली आहे, सुनावणी ऑनलाइन. मला वाटलं फ्रॉड असेल, लक्ष दिलं नाही. आता अवॉर्डची पीडीएफ आली आहे, ९४ हजार भरा म्हणून. ती वाचून असं वाटतं की एआयनेच लिहिली आहे, माझं नाव एका ठिकाणी पुरुषाचं केलंय. काही करता येईल का?
*एक शिक्षिका, सांगली*

करता येईल, पण आजच हलायला लागेल. या अंकात मला सगळ्यात जास्त तुमच्याशीच बोलायचं होतं.

पहिलं, एआयने लिहिली की माणसाने हा प्रश्न थोडा बाजूला ठेवा, कारण त्याहून मोठी चूक आधीच झालेली असू शकते. तो लवाद नेमला कुणी? तुम्ही नेमला नाहीत, तुम्हाला विचारलंही नाही, कंपनीने परस्पर नेमला असेल तर तिथेच केस डळमळीत होते. ज्याला निकालात रस आहे त्याने एकट्याने एकमेव लवाद नेमायचा नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये पर्किन्स ईस्टमनच्या निकालात सांगितलं, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ते आणखी पक्कं केलं, अशी एकतर्फी नेमणूक दोन्ही पक्षांना समान वागवण्याच्या तत्त्वाच्या विरोधात जाते असं म्हणून. कंपनी म्हणेल बाईंनी करारावर ओटीपी टाकून सही केली होती. ठीक आहे, पण अपात्र लवाद चालवून घ्यायचा असेल तर कलम १२(५) प्रमाणे वाद सुरू झाल्यानंतर, लेखी, स्पष्ट शब्दांत संमती लागते. तुम्ही गप्प बसलात म्हणजे संमती दिली असं होत नाही.

दुसरं, तारीख. अवॉर्ड हातात पडल्यापासून तीन महिन्यांत कलम ३४ खाली कोर्टात आव्हान द्यायचं. सबळ कारण असेल तर वर तीस दिवस मिळतात, त्यापुढे एक दिवस पण नाही, कोर्टाला मनात आलं तरी देता येत नाही. पीडीएफ ज्या मेलने आली तो मेल डिलीट करू नका, तारीख त्यावरच ठरणार. अवॉर्डमध्ये आर्बिट्रेशनची सीट, म्हणजे कायदेशीर ठिकाण, कुठली लिहिलीय ते बघा, साधारण त्या ठिकाणच्या कोर्टात जावं लागतं, आणि हो, सांगलीच्या बाईला चेन्नई लिहून ठेवण्यामागे हिशोब हाच असतो. पैशाचं म्हणाल तर बाईला मोफत कायदेशीर मदत मिळायला उत्पन्नाची अट नाही, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यातच आहे, सांगलीच्या जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे तिथे कागद घेऊन जा.

आता एआयचं. नुसतं "वाटतं" म्हणून कोर्ट ऐकणार नाही. पण अवॉर्ड घेऊन बसा आणि पेन्सिलने खुणा करा. तुमच्या हप्त्यांच्या तारखा बरोबर आहेत का. व्याज कुठल्या क्लॉजने लावलंय. नावाची चूक लिहून ठेवाच, ती सांगते की कुणीतरी दुसऱ्याच केसचा मजकूर ओतलाय. आणि त्यात कोर्टाचे निकाल दिले असतील तर ते खरंच आहेत का हे कुणा वकिलाकडून तपासून घ्या, कारण हे काल्पनिक नाहीये. मुंबई हायकोर्टाने ऑक्टोबर २०२५ मध्ये इन्कम टॅक्सची एक असेसमेंट ऑर्डर रद्द केली, तीत अधिकाऱ्याने असे निकाल आधाराला घेतले होते जे अस्तित्वातच नव्हते, आणि कोर्टाने सुनावलं की न्यायनिवाडा करण्यासारखं काम करताना सिस्टीमने दिलेलं आंधळेपणाने वापरायचं नसतं. कारणं नसलेला किंवा कारणं डोक्यावरून जाणारा अवॉर्ड कलम ३१ मध्ये बसत नाही, दोन्ही पक्षांनी कारणं नकोत असं ठरवलं असेल तर गोष्ट वेगळी.

आणि कर्ज घेतलंय हे तर आहेच, अवॉर्ड रद्द झाला म्हणून मुद्दल माफ होत नाही. पण ६२ चे ९४ कसे झाले हे विचारायचा हक्क तुम्हाला मिळतो. ज्यांना पुढे अशी नोटीस येईल त्यांनी फ्रॉड समजून सोडून देऊ नका, एक ओळीचा मेल तरी टाका, की तुमची नेमणूक मला मान्य नाही. तेवढी ओळ पुढे फार कामाला येते.

मी पीडब्ल्यूडीतून निवृत्त कार्यकारी अभियंता, आता छोट्या केसेसमध्ये लवाद म्हणून बसतो. इंग्रजी ड्राफ्टिंग हा माझा प्रांत नाही. अवॉर्ड लिहायला एआयची मदत घेतली तर गुन्हा आहे का?
*एक लवाद, ठाणे*

गुन्हा नाही साहेब, पण सांगून करा.

अमेरिकेत २०२५ मध्ये व्हॉल्व्ह या गेमिंग कंपनीविरुद्ध हरलेल्या एका ग्राहकाने कोर्टात अर्ज केला की माझ्या केसमधल्या लवादाने अवॉर्ड एआयकडून लिहून घेतला म्हणून तो रद्द करा. अर्जात म्हटलंय की लवादांनी सुनावणीच्या वेळी गप्पांत सांगितलं होतं की एक लेख चॅटजीपीटीकडून कसा झटपट लिहून घेतला, आणि त्यांना गॅलापागोसला सहलीला जायचं होतं म्हणून केस लवकर आटपायची होती. हे आरोप आहेत, ते खरे मानून मी लिहीत नाहीये. पण बघा ना, चहाच्या वेळी मारलेली गप्पसुद्धा कशी अर्जात येऊन बसते.

तारखांची यादी करून घ्या, दोन मोजमापांचा तक्ता करून घ्या, इंग्रजी व्याकरण सुधारून घ्या, याला माझी काहीच हरकत नाही. कुणाचं खरं आणि किती द्यायचे, ते मात्र तुम्ही आधी मराठीत का होईना स्वतःच्या हाताने कागदावर लिहा आणि मगच मशीन उघडा. उलटं केलंत की संपलं, मशीनचं उत्तर एकदा वाचलं की आपल्याला तेच पटायला लागतं. लंडनच्या चार्टर्ड इन्स्टिट्यूट ऑफ आर्बिट्रेटर्सने २०२५ मध्ये यावर मार्गदर्शक सूचना काढल्यात, त्यांचाही रोख हाच, निर्णय घ्यायचं काम मशीनवर सोडायचं नाही. केरळ हायकोर्टाने जुलै २०२५ मध्ये आपल्या जिल्हा न्यायालयांसाठी धोरणच काढलं की एआय वापरून निष्कर्ष, आदेश किंवा निकाल काढायचा नाही. ते लवादांना लागू नाही, पण वारा कुठल्या दिशेने वाहतोय ते कळतं.

दुसरी गोष्ट म्हणजे गोपनीयता. २०१९ च्या दुरुस्तीने कलम ४२ए आलं, लवादाने कामकाज गोपनीय ठेवायचं. पार्टीचे टेंडर रेट, बँक स्टेटमेंट तुम्ही फुकटच्या ॲपमध्ये अपलोड केलेत तर ते कुठे जाऊन बसतात तुम्हाला माहीत नाही आणि मलाही नाही. म्हणून पहिल्याच बैठकीत दोन्ही वकिलांना सांगा की मी अमुक कामासाठी अमुक सॉफ्टवेअर वापरतो, कुणाची हरकत? आणि ते मिनिट्समध्ये घ्या. माझा अनुभव असा की नव्वद टक्के वेळा कुणीच हरकत घेत नाही, उलट वकीलच हळूच विचारतात कुठलं वापरता.

आमची सोसायटी रीडेव्हलपमेंटला चालली आहे. बिल्डरच्या ड्राफ्टमध्ये लिहिलंय की सर्व वाद "डेव्हलपरने ठरवलेल्या एआय-आधारित ऑनलाइन प्लॅटफॉर्मवर" सुटतील आणि तो निर्णय अंतिम. कमिटीतले दोघं म्हणतात मॉडर्न आहे, घेऊ या. मी सेक्रेटरी, मला झोप नाही.
*एक सेक्रेटरी, डोंबिवली*

झोपा शांत, पण आधी हा क्लॉज काढा. त्यात "एआय" या शब्दापेक्षा "डेव्हलपरने ठरवलेल्या" हे शब्द जास्त घातक आहेत. समोरच्या बाजूचा पंच, समोरच्या बाजूचं मैदान, आणि निर्णय अंतिम. तो पंच माणूस असता तरी मी हेच सांगितलं असतं, वर सांगलीच्या बाईंना जे सांगितलं तेच. मशीन असल्यामुळे एवढाच फरक की भाडं थकल्यावर किंवा ओसी म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र लटकल्यावर तुम्ही चाळीस कुटुंबं घेऊन कुणाच्या दारात जाणार?

याच्या जागी लिहा: एकमेव लवाद, दोन्ही पक्षांच्या लेखी संमतीने नेमलेली व्यक्ती, संमती झाली नाही तर मुंबई सेंटर फॉर इंटरनॅशनल आर्बिट्रेशनसारखी संस्था किंवा हायकोर्ट नेमेल, सीट ठाणे किंवा मुंबई, लवादाने एआयचं साधन वापरलं तर आधी लेखी कळवायचं, आणि निवाड्याची कारणं व निर्णय लवादाचे स्वतःचे असायचे. कमिटीतल्या त्या दोघांचं मन राखायचं असेल तर पाच लाखांच्या आतले किरकोळ हिशोबाचे वाद, पार्किंगच्या रंगापासून सोसायटीच्या कॉर्पस निधीच्या व्याजापर्यंत, आधी एखाद्या ऑनलाइन प्लॅटफॉर्मवर तडजोडीसाठी न्या असं घाला, पण तडजोडीसाठी, निर्णयासाठी नाही, आणि प्लॅटफॉर्म दोघांनी मिळून निवडायचा.

हा बदल जनरल बॉडीत ठरावाने मंजूर करून घ्या, नुसता कमिटीत नको. आणि ड्राफ्ट बिल्डरच्या ऑफिसला परत पाठवताना वर्डमधलं ट्रॅक चेंजेस चालू ठेवा, सहीच्या दिवशी प्रिंट आली की हा क्लॉज आधी उघडून बघा, काढलेली वाक्यं शेवटच्या प्रिंटमध्ये गुपचूप परत आलेली मी दोनदा पकडलीत.